ऊरचा पट : खेळ सापडला, नियम कसे सापडणार?

समजा, आणखी चार हजार वर्षांनी एखाद्या उत्खननात क्रिकेटची एक बॅट, एक चेंडू आणि तीन यष्ट्या सापडल्या. त्या काळच्या पुरातत्त्वज्ञाला या वस्तू खेळाच्या आहेत एवढे कदाचित ओळखता येईल. बॅटवरच्या चेंडूच्या खुणा पाहून बॅटने चेंडू मारत असावेत, असेही तो म्हणेल. पण एका षटकात चेंडू किती? पायचीत म्हणजे काय? सीमेपलीकडे चेंडू गेला तर धावा किती? हे सांगणारे त्या लाकडात आणि चामड्यात काहीच नसते. वस्तू जमिनीत टिकते. नियम मात्र माणसांच्या डोक्यात राहतात, आणि माणसांबरोबर जातात.

मग हजारो वर्षांपूर्वीच्या एखाद्या खेळाचे नियम आज कोणी सांगू लागला, तर त्यावर आपण कितपत विश्वास ठेवावा? हा प्रश्न केवळ खेळापुरता नाही. उपलब्ध पुराव्यावरून निष्कर्ष कसा काढायचा आणि त्या निष्कर्षाला किती भार सोसेल हे कसे ठरवायचे, हा इतिहासाचा आणि विज्ञानाचाही रोजचा प्रश्न आहे. या लेखात आपण तो एका पटाच्या आधारे तपासून पाहणार आहोत.

राजघराण्याच्या दफनभूमीत

आजच्या इराकच्या दक्षिण भागात, नासिरिया शहराजवळ, प्राचीन सुमेरियन नगर ऊर याचे अवशेष आहेत. ब्रिटिश म्युझियम आणि अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे संग्रहालय यांनी मिळून तेथे १९२२ ते १९३४ या काळात उत्खनन केले. त्याचे प्रमुख होते लेनर्ड वुली. तेथील दफनभूमीत सुमारे १८०० थडगी सापडली. त्यांपैकी सोळा इतकी संपन्न होती, की वुलींनी त्यांना 'राजथडगी' म्हटले. राणी पुआबीचे प्रसिद्ध थडगे यांतलेच.

या दफनभूमीत काही खेळाचे पटही मिळाले. त्यांचा काळ इ.स.पू. २६०० ते २४०० असा मानला जातो. म्हणजे आपल्याकडे मोहेंजोदडो आणि हडप्पा ही नगरे भरभराटीत होती, साधारण तोच काळ. ब्रिटिश म्युझियममध्ये असलेला पट सुमारे ३० सेंटिमीटर लांब आणि ११ सेंटिमीटर रुंद आहे. त्याचे मूळ लाकूड केव्हाच कुजून गेले होते. परंतु त्यावर बसवलेले शिंपल्याचे, तांबड्या चुनखडीचे आणि निळ्या लाजवर्द दगडाचे तुकडे मातीत आपापल्या जागीच राहिले होते. त्यामुळे पटाचा मूळ आकार पुन्हा जुळवता आला.

लाजवर्द हा दगड इराकमध्ये मिळत नाही. तो येत असे अफगाणिस्तानातील बदख्शानच्या डोंगरांतून. म्हणजे हातभर लांबीच्या त्या पटाचा एक घटक दोन हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास करून आलेला होता. ऊरच्या थडग्यांत सिंधू संस्कृतीतील कार्नेलियनचे मणीही सापडले आहेत. व्यापाराच्या वाटा किती लांबवर पसरल्या होत्या, हे या वस्तूंवरून कळते. पण खेळाबद्दल त्या अजून काहीच बोलत नाहीत.

पट वाचताना

पटाची आकृती वहीत काढून घ्यावी, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. आठ-आठ घरांच्या तीन आडव्या ओळी आखा. वरच्या आणि खालच्या ओळीतील पाचवे आणि सहावे घर खोडून टाका. आता चोवीसमधून चार वजा होऊन वीस घरे उरतात. डावीकडे बारा घरांचा मोठा चौक, उजवीकडे सहा घरांचा लहान चौक, आणि दोघांना जोडणारा दोन घरांचा पूल. पाच घरांत फूल काढा : वरच्या ओळीत पहिल्या आणि सातव्या घरात, खालच्या ओळीत तसेच, आणि मधल्या ओळीत चौथ्या घरात. हा झाला ऊरचा पट.

आता फक्त या आकृतीवरून काय सांगता येईल ते पाहू. वरची बाजू आणि खालची बाजू तंतोतंत सारखी आहे. म्हणून खेळणारे दोन असावेत आणि प्रत्येकाची एक बाजू असावी. मधली ओळ एकच आहे, तेव्हा ती दोघांची सामाईक असणार. फुलांची घरे काही तरी वेगळी असली पाहिजेत, नाही तर ती सजवण्याचे कारण काय?

पटाबरोबर सोंगट्याही मिळाल्या : सात पांढऱ्या आणि सात काळ्या, प्रत्येकीवर पाच ठिपके. यावरून दोन खेळाडूंचा तर्क पक्का होतो. शिवाय काही चतुष्फलक फासे होते, म्हणजे चार त्रिकोणी पृष्ठे असलेले लहान पिरॅमिड. प्रत्येक फाशाच्या चार कोपऱ्यांपैकी दोनांवर खूण होती. असा फासा कसाही पडला तरी एक कोपरा वर राहतो. त्यावर खूण असेल किंवा नसेल, दोहोंची शक्यता सारखीच. थोडक्यात, तो फासा म्हणजे आपली कवडीच, उताणी किंवा पालथी.

इथवरचे अनुमान भक्कम आहे. पण सोंगटी कोठून पटावर चढते, कोठून वळते, मारता येते की नाही, यावर पट मुका आहे. इजिप्तमधील सेनेट या खेळाचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. तीस घरांचे सेनेटचे पट मोठ्या संख्येने मिळाले आहेत. थडग्यांच्या भिंतींवर ते खेळणाऱ्यांची चित्रेही आहेत. तरीही त्याची नियमावली लिहिलेली कोठेही सापडलेली नाही. वस्तू भरपूर असल्या म्हणजे नियम कळतातच, असे नाही.

बाबिलोनची पाटी

ऊरच्या खेळाच्या बाबतीत मात्र एक अनपेक्षित साक्षीदार मिळाला. १८८० साली ब्रिटिश म्युझियममध्ये बाबिलोनहून आलेल्या मातीच्या पाट्यांमध्ये एक पाटी होती. ओल्या मातीवर बोरूने पाचरीसारख्या खुणा करून लिहिण्याची जी कीलाक्षर लिपी, तिच्यात ती लिहिलेली आहे. एका बाजूला बारा राशींची नावे असलेली चौकटींची आकृती, दुसऱ्या बाजूला मजकूर. लेखनिकाचे नाव इत्ती-मर्दुक-बलातू, आणि काळ इ.स.पू. १७७-१७६. अशाच विषयाची दुसरी एक पाटी फ्रान्समध्ये एका खासगी संग्रहात होती. ती पहिल्या महायुद्धात नष्ट झाली, पण तिची छायाचित्रे सुदैवाने राहिली होती.

पाटी संग्रहालयात आली तेव्हा ऊरचा पट जमिनीखालीच होता. त्यामुळे दोघांचा संबंध जोडला जाण्यास जवळजवळ शंभर वर्षे लागली. ब्रिटिश म्युझियममधील कीलाक्षर लिपीचे अभ्यासक अर्विंग फिंकेल यांनी १९८० च्या दशकात हा मजकूर खेळाच्या नियमांचा असल्याचे ओळखले. त्यावरचा त्यांचा सविस्तर लेख २००७ मध्ये प्रसिद्ध झाला.

पाटीवर पाच सोंगट्यांचा उल्लेख आहे. त्यांना पाच पक्ष्यांची नावे आहेत : पाकोळी, वादळपक्षी, डोमकावळा, कोंबडा आणि गरुड. फाशांच्या जागी मेंढीच्या आणि बैलाच्या घोट्याची हाडे आहेत. प्रत्येक पक्षी पटावर यायचा तर त्याचे ठरावीक दान पडावे लागते. सारीपाट किंवा ल्युडो खेळणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. फुलांच्या घरांना पाटीवर विशेष महत्त्व आहे. शिवाय फुलावर सोंगटी आली की खेळणाऱ्याच्या नशिबी काय येणार, म्हणजे अन्नपाणी, प्रेम इत्यादी, तेही सांगितले आहे. त्या काळी खेळ आणि भविष्यकथन यांची सरमिसळ झालेली दिसते.

मधली तेवीस शतके

येथे आपण थोडे थांबले पाहिजे. पट इ.स.पू. २६०० ते २४०० चा, आणि पाटी इ.स.पू. १७७ ची. दोहोंमध्ये सुमारे तेवीसशे वर्षांचे अंतर आहे. आपल्यात आणि सम्राट अशोकात जेवढे अंतर, जवळजवळ तेवढेच. पाटीतल्या सोंगट्या पाच, ऊरच्या सात. पाटीत हाडे, ऊरमध्ये चतुष्फलक फासे. मग पाटीवरचे नियम ऊरच्या पटाला लावणे कितपत योग्य?

याचे उत्तर मधल्या काळातील पटांनी थोडेफार दिले आहे. वीस घरांचा पट ऊरपुरता मर्यादित नव्हता. इराण, सीरिया, लेबनॉन, सायप्रस अशा अनेक प्रदेशांत तो मिळाला आहे. पूर्व इराणमधील शहर-ए-सोख्ता येथे तर वीस घरे सापाच्या वेटोळ्यांनी बनलेली आहेत. १९२२ मध्ये सापडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यातील खेळाच्या पेट्यांवर एका बाजूला सेनेट आणि दुसऱ्या बाजूला वीस घरांचा पट आहे. अश्शूरचा राजा दुसरा सारगॉन (इ.स.पू. ७२१ ते ७०५) याच्या खोर्साबाद येथील राजवाड्याच्या दारात मानवी मुखाचे पंखधारी बैल उभे होते. त्यांपैकी एकाच्या बैठकीवर कोणी तरी हाच पट ओरखडून ठेवला आहे. राजथडग्यात पट सापडला म्हणून या खेळाला 'राजेशाही' म्हणण्याची पद्धत पडली. पण दाराशी ताटकळणाऱ्या पहारेकऱ्यांनाही तो खेळ ठाऊक असावा, असे हा ओरखडा सुचवतो.

या साखळीमुळे एवढे निश्चित म्हणता येते, की खेळ मरून पुन्हा जन्मला नाही. तो हातोहात पुढे जात राहिला आणि जाता जाता बदलला.

एक कोडे : वाट कोणती?

बदल कसा झाला हे समजले, तर मागे वळून जुन्या नियमांचा अंदाज घेता येतो. त्याचे एक सुंदर उदाहरण पटातच आहे. वहीतली आकृती पुन्हा समोर घ्या.

आज सर्वांत प्रचलित असलेल्या पद्धतीत सोंगटी आपल्या बाजूच्या चौथ्या घरात चढते. ती डावीकडे जात पहिल्या घरापर्यंत, म्हणजे फुलापर्यंत पोचते. तेथून मधल्या ओळीत वळून आठही घरे ओलांडते. मग आपल्या बाजूच्या आठव्या आणि सातव्या घरातून बाहेर पडते. एकूण वाट १४ घरांची, त्यातली मधली ८ सामाईक. या वाटेवर फुले चौथ्या, आठव्या आणि चौदाव्या पावलावर येतात.

काही अभ्यासकांनी दुसरी वाट सुचवली आहे. पहिली चार घरे तशीच. मधल्या ओळीत मात्र सातव्या घरापर्यंतच जायचे. तेथून आपल्या बाजूच्या सातव्या घरात, मग आठव्यात, मग मधल्या ओळीच्या आठव्यात, पलीकडच्या आठव्यात आणि शेवटी पलीकडच्या सातव्यात. म्हणजे लहान चौकाला वळसा घालायचा. ही वाट १६ घरांची होते आणि तिच्यातली १२ सामाईक असतात. फुले कोठे येतात ते मोजा : चौथे, आठवे, बारावे, सोळावे पाऊल. नेमके दर चौथ्या पावलावर फूल!

आता नंतरच्या काळातले पट पाहा. त्यांत उजवीकडचा लहान चौक नाहीसा झाला आहे. त्याची सहा घरे एका रेषेत मांडून लांब शेपटी केलेली आहे. त्यामुळे मधली ओळ बारा घरांची झाली आहे. सोंगटी आपल्या बाजूची ४ घरे आणि मधली १२ घरे चालली, की एकूण १६ घरे, त्यांतली १२ सामाईक. दुसऱ्या वाटेचे आकडे हेच होते. लहान चौकाभोवतीचा वळसा दोरा उलगडावा तसा सरळ केला, की नंतरचा पट तयार होतो.

मग दुसरी वाट सिद्ध झाली का? नाही. लहान चौकाची दोन्ही अंगे सारखी आहेत, म्हणून प्रत्येक खेळाडू आपापल्या अंगाने बाहेर पडत असेल, हा पहिल्या वाटेचा युक्तिवादही टाकाऊ नाही. खेळ बदलताना वाटही बदलली असणे शक्य आहे. पण दोन अंदाजांपैकी कोणता अधिक गोष्टींचा उलगडा करतो हे आपण तपासू शकतो, आणि तेही एका वहीच्या पानावर. इतिहासातील तर्क म्हणजे मनाला येईल ते सांगणे नव्हे, हे विद्यार्थ्यांना दाखवण्यास यापेक्षा स्वस्त साधन मिळणे कठीण.

नशीब आणि डोके

हा खेळ केवळ दानाचा आहे की त्यात डावपेचांनाही जागा आहे? आज सामान्यतः चार फासे घेऊन खेळतात आणि खूण वर आलेले फासे मोजतात. दान शून्य ते चार पडते. चार फाशांच्या एकूण १६ शक्यता. त्यांत शून्य एकदा, एक चार वेळा, दोन सहा वेळा, तीन चार वेळा आणि चार एकदा. प्रतिस्पर्ध्याची सोंगटी असलेल्या सामाईक घरात आपली सोंगटी गेली, की ती मारली जाते आणि तिला पुन्हा आरंभापासून यावे लागते. फुलावर आल्यास आणखी एक दान मिळते, आणि तेथे सोंगटी सुरक्षित असते.

समजा, आपली सोंगटी प्रतिस्पर्ध्याच्या दोन घरे पुढे आहे. ती मारली जाण्याची शक्यता १६ पैकी ६. एक किंवा तीन घरे पुढे असेल तर १६ पैकी ४. चार घरे पुढे असेल तर फक्त १. म्हणजे शत्रूच्या अगदी पुढ्यात थांबण्यापेक्षा दोन घरे पुढे थांबणे अधिक धोक्याचे! शत्रूच्या दोन सोंगट्या अनुक्रमे एक आणि दोन घरे मागे असतील, तर धोका १६ पैकी १० होतो. मधल्या ओळीतील फूल मिळाले तर त्यावर ठाण मांडून बसावे, की पुढे पळावे? प्रत्येक दानाला हा विचार करावा लागतो. दान नशिबाचे, पण कोणती सोंगटी चालवायची हे आपले. आपल्या सारीपाटातही मजा आहे ती याच जोडीत.

आठवी-नववीच्या वर्गात हे करून पाहता येईल. चतुष्फलक फासे नसले तर चार कवड्या घ्या. प्रत्येक गटाने शंभर वेळा दान टाकून तक्ता करावा. कवडीची दोन्ही अंगे सारखी नसतात. त्यामुळे १, ४, ६, ४, १ हे प्रमाण तंतोतंत येणार नाही. एका बाजूने घासलेले चिंचोके घेतले तर आणखी वेगळे आकडे येतील. ते किती वेगळे येतात आणि का, यावर चर्चा करावी. संभाव्यतेचा पाठ यातूनच सुरू होतो.

कोचीनचा धागा

या खेळाचा एक धागा भारतातही आला आहे. कोचीनच्या ज्यू समाजात वीस घरांचा एक पट खेळला जात असे. त्या लाकडी पटाचे छायाचित्र फिंकेल यांच्या पाहण्यात आले. हा समाज १९५० च्या दशकात बहुतांशी इस्रायलला गेला होता. फिंकेल यांनी तेथे चौकशी करवली. तेव्हा लहानपणी कोचीनमध्ये हा खेळ खेळलेल्या रुबी डॅनियल या वृद्ध बाई भेटल्या. पाटीवरच्या अक्षरांतून जो खेळ उकलण्याची धडपड चालली होती, त्याच्यासारखाच खेळ एका जिवंत माणसाच्या आठवणीत होता.

कोचीनचा खेळ थेट बाबिलोनहून आला, असे फिंकेल यांना वाटते. मधल्या दोन हजार वर्षांचा पुरावा मात्र तुटक आहे, त्यामुळे हा दुवा एक शक्यता म्हणूनच घ्यावा. परंतु यातली दुसरी गोष्ट आम्हांला अधिक मोलाची वाटते. ती चौकशी आणखी वीस-पंचवीस वर्षांनी झाली असती, तर लाकडी पट संग्रहालयात राहिला असता, आणि खेळ सांगणारे कोणी उरले नसते. ऊरच्या पटाची गत कोचीनच्या पटालाही आली असती.

आपल्या गावचे पट

महाराष्ट्रातील लेण्यांच्या ओट्यांवर, देवळांच्या फरशीवर, जुन्या किल्ल्यांवर खडकात कोरलेले पट दिसतात. कोठे वाघबकरीचे, कोठे चौकोनी घरांचे, कोठे वाटीसारख्या खळग्यांच्या ओळी. दगड आहे तोवर ते राहतील. पण ते कसे खेळत, हे गावातील किती जणांना सांगता येते? घरातली आजी चार कवड्यांचा पट खेळली असेल. सगळ्या उताण्या पडल्या तर किती, सगळ्या पालथ्या पडल्या तर किती, कोणत्या घरात सोंगटी मारता येत नाही, हे तिला तोंडपाठ असते. हे नियम गावागणिक बदलतात, आणि हा बदलच अभ्यासाचा विषय आहे.

म्हणून शिक्षकांना आमची एक सूचना आहे. सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्याला घरातल्या किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या माणसाकडून एक खेळ लिहून आणायला सांगावे. पटाची आकृती, घरांची संख्या, सोंगट्या किती, कशाच्या, दान कसे मोजतात, सोंगटी कोठून चढते आणि कोठे उतरते, कधी मारतात, भांडण झाले तर निवाडा कसा होतो. शेवटी गावाचे नाव आणि तारीख. लिहून झाल्यावर ती वही दुसऱ्या गटाला द्यावी, आणि केवळ वहीवरून खेळ खेळून दाखवायला सांगावे. जेथे खेळ अडेल तेथे लिहायचे काय राहून गेले ते कळेल. इत्ती-मर्दुक-बलातूच्या पाटीतही अशा जागा आहेत. त्याच्या काळच्या लोकांना ज्या गोष्टी सांगायची गरज नव्हती, नेमक्या त्याच आज आपल्याला शोधाव्या लागतात.